चोवीस अंश

बाबाच्या डाव्या पायाला तीनच बोटं.
उरलेली दोन, तो नऊ वर्षांचा असताना,
लिकाच्या डोंगरात चुकलेली मेंढी शोधायला गेला
त्या रात्रीच्या बर्फानं ठेवून घेतली.
"थंडीचं मी काही लागत नाही," तो म्हणतो,
"तिनं व्याजासकट वसूल केलंय."
म्हणून तो कूबर पीडीत राहतो,
जिथे जानेवारीत कावळे
विजेच्या खांबाच्या काठीएवढ्या सावलीत
चोची उघड्या टाकून
एकामागे एक उभे राहतात, रेशनला उभं राहावं तसे.

सत्तेचाळीस, परवा अठ्ठेचाळीस.
फोनवर आकडा सांगताना त्याचा आवाज चढतो,
नातवाचे मार्क सांगावेत तसा.
स्वतः मात्र त्या उन्हात नसतो.
ओपल शोधत पोखरलेल्या टेकडीच्या पोटात,
तांबूस भिंतींच्या खोलीत, बनियनवर,
बाराही महिने चोवीस अंशांत बसून
म्हणतो, मला ऊन मानवतं.

आई मोस्तारची.
तिथला दगड उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत निवत नाही,
तिच्या लहानपणी अंगणात चादरी ओल्या करून झोपायचे.
लग्न करून जगाच्या दुसऱ्या टोकाला आली
ती आणखी एका तव्यावर.
"खिडकी नाही रे स्टेवो, एक खिडकी नाही,"
एकोणीस वर्षं एवढंच म्हणाली.
त्यानं भिंतीत एक कोनाडा कोरून दिला,
त्यात समुद्राचं कॅलेंडर लावलं.
विसाव्या वर्षी ती होबार्टला निघून गेली.

नाही, घटस्फोट वगैरे काही नाही.
लोक विचारतात, तेव्हा आम्ही सांगतो: हवामान.
लोक हसतात.
आम्ही हसत नाही असं नाही.

होबार्टला तिची खिडकी कायम उघडी.
लोकरीची शाल लपेटून बाजूला बसते,
नाक लाल, चहा गार.
दक्षिणेकडून येणारा वारा, म्हणे,
अजून कुणी वापरलेला नसतो.
फोन केला की आधी डोंगराचं सांगते:
आज बर्फ खांद्यापर्यंत उतरलंय,
आज कमरेपर्यंत.
मग माझं.

मी ॲडलेडला. मध्येच.
लहानपणी गाडीत मागच्या सीटवर असायचे,
पुढे दोन हात एकाच बटणावर,
एक डावीकडे फिरवणारा, एक उजवीकडे,
आणि नऊ तासांचा रस्ता.
मला काय आवडतं हे कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मीही
काही सांगू शकले असते असं वाटत नाही.
मैत्रीण विचारते, निवृत्तीनंतर कुठे? क्वीन्सलंड की तास्मानिया?
मी म्हणते, बघू. तिला वाटतं पैशांचं काही असेल.

जुलैत आई कूबर पीडीला येते, दरवर्षी, तीन आठवडे.
तेव्हा वाळवंटाच्या रात्री कडक थंड असतात,
हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं
आणि ते कधी पुरलं नाही.
येताच ती घराच्या छतावर,
म्हणजे टेकडीवरच, खाट टाकून घेते.
उघड्यावर झोपते, डोक्यावरून काही न घेता,
आणि मग बाबा
तीन घोंगड्या, दोन जोड मोजे,
आणि शिव्यांचा जुना साठा घेऊन
लंगडत वर जातो.

त्यांचं बोलणं हवेच्या नळीतून
माझ्या पलंगापर्यंत येतं.
"दोन अंश असेल, ल्युबिंका. गोठून मरू."
"सहा आहे."
"दोन."
"सहा. तुझा पाय इकडे दे."
मग बराच वेळ काही नाही.
दूर कुणाचा तरी कुत्रा.
मग पुन्हा, "तीन तरी असेल ना?"

खाली स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर चोवीस.
मी पांघरूण काढते.
थोड्या वेळानं घेते.